१० जानेवारीची पत्रं

इनर व्हील ही रोटरी परिवारातली बायकांची संघटना. तिचं वर्ष जुलैत सुरू होतं, त्यामुळे आमच्याकडे अध्यक्षांच्या गळ्यातली मानाची कॉलर बदलते ती भर पावसात. व्हरांड्यात छत्र्यांचा ढीग, आत समई, प्रार्थना, पाहुण्यांची ओळख, हार-तुरे. तो सोहळा व्हायला हवाच, पण मला ओढ असते ती १० जानेवारीच्या मेळाव्याची. १९२४ साली याच दिवशी मँचेस्टरमध्ये मार्गारेट गोल्डिंग यांनी रोटेरियनांच्या घरच्या बायकांना एकत्र आणून पहिला क्लब उभा केला. त्या स्वतः परिचारिका होत्या, व्यवसायही सांभाळत होत्या. भारतात पहिला क्लब १९५५ मध्ये अहमदाबादला निघाला. आता शंभराहून जास्त देशांत आमच्या मैत्रिणी आहेत, आणि हे मी दर वेळी अभिमानानेच सांगते.

मेळाव्यात आधी कामाचा अहवाल होतो. शिलाई मशिनं, शाळेतल्या मुलींची रक्ततपासणी, स्तनांच्या कर्करोगाचं शिबिर. पोलिओच्या रविवारी बूथवर बसून पोरांच्या बोटाला शाई लावणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सभासद २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा टीव्हीसमोर रडल्या होत्या. अहवालात अशा गोष्टी दोन ओळींत उरकतात, म्हणून इथे लिहिलं.

अहवालानंतर पत्रवाचन. परदेशच्या क्लबांशी संबंध राखायचं काम आयएसओचं, म्हणजे इंटरनॅशनल सर्व्हिस ऑर्गनायझरचं. ते पद काही काळ माझ्याकडे होतं, त्यामुळे माझा जीव या पत्रांत जरा जास्तच अडकलेला आहे. बहुतेक मजकूर शुभेच्छांचाच असतो, पण एखाद्या पत्रात माणूस भेटतं. कोरोनाच्या काळात इंग्लंडमधल्या एका आजींचं पत्र आलं होतं, हाताने लिहिलेलं, अक्षर थोडं कापरं. क्लबाच्या सभा बंद, मुलगा दूर, म्हणून त्या खिडकीशी बसून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी टोप्या विणत होत्या. ‘तुमच्याकडे उकाडा असतो हे ठाऊक आहे, तरी बाळाच्या डोक्याला ऊब लागतेच ना?’ असं त्यांनी विचारलं होतं. पुढे टोप्या आल्या. पिवळ्या, पांढऱ्या, एक निळी. लिंबाएवढ्या डोक्यावर बसेल इतकी छोटी. आम्ही त्या इस्पितळात दिल्या. तिथल्या नर्सने निळी टोपी बाळाला घातली, तो फोटो आम्ही पाठवला. त्याला आलेलं उत्तर सभेत वाचताना आमच्या सेक्रेटरीचा आवाज दाटून आला आणि पुढचा परिच्छेद मला वाचावा लागला.

आणि नेमकं याच वेळी दरवर्षी खुर्च्या सरकतात. चहा आला की अर्धा हॉल उठतो. डिस्ट्रिक्ट चेअरमन येणार असल्या की रंग ठरवून साड्या नेसून सगळ्या हजर, आणि पत्रवाचनाला मागच्या तीन रांगा मोकळ्या! लांबून कुणी आपल्याला चार ओळी लिहिल्या, त्या ऐकायला दहा मिनिटं बसवत नाही, हे मला लागतं. बोलून दाखवलं आहे, पुन्हा दाखवीन.

पाहुण्या प्रत्यक्ष येतात ते साल मात्र वेगळं. जानेवारीत पौष असतो, गोव्यात गावागावांत धालो, म्हणजे बायकांचे गाणी-नाच, चालू असतात. एका वर्षी युरोपातून आलेल्या मैत्रिणींना आम्ही फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, धालो होतात त्या अंगणात, मांडावर नेलं. समोरासमोर दोन ओळी, एकमेकींच्या कमरेला हात, वाकत पुढे जायचं आणि तसंच मागे यायचं. मांडावर चपला चालत नाहीत हे कुणी सांगायच्या आधीच त्यांतल्या सर्वांत वयस्क बाईंनी बूट काढले, मोजेही काढले आणि सारवलेल्या जमिनीवर ओळीत उभ्या राहिल्या. शेजारच्या म्हातारीने आपल्या आंबाड्यातली आबोलीची फाती तोडून अर्धी त्यांच्या केसांत खोवली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. निघताना म्हातारी म्हणाली, ‘परत यो गो बाय,’ आणि त्या बाईंनी मान हलवली.

हे सगळं ज्यांच्यामुळे होतं, त्यांची आठवण ठेवायलाच हवी. हॉलचे मामा, जे वीज गेली तरी पंखा फिरेपर्यंत जनरेटरपाशी उभे राहतात. माइकवाला पोरगा. मुगागाठी आणि पातोळ्या पहाटे उठून करणाऱ्या काकी, आणि त्यांची सून, जिचं नाव आभारात दोनदा राहून गेलं. पाहुण्यांना विमानतळावरून आणणारे आमच्या ट्रेझररचे यजमान. इंग्रजी पत्रं मराठीत करून देणाऱ्या निवृत्त बाई. धालोच्या वाड्यावरच्या सगळ्या बायका. फोटो काढणारी आमच्याच सभासदाची मुलगी. पोस्टमनदादा, जे परदेशचं पाकीट पेटीत न टाकता हातात देतात. दरवर्षी खुर्च्या पुसणाऱ्या दोघी बहिणी. फुलं देणारी बाजारातली मावशी राहिलीच होती.

२०२४ मध्ये शंभर वर्षं झाली, मँचेस्टरला अधिवेशन भरलं. आमच्यातल्या कुणाला जाता आलं नाही, पण त्या साली नेहमीपेक्षा जास्त पत्रं आली आणि एका सभेत ती संपली नाहीत. उरलेली अजून फाइलमध्ये आहेत. या १० जानेवारीला तीच वाचायची आहेत, आणि कार्यकारिणीने माझं ऐकून यंदा चहा पत्रवाचनानंतर ठेवला आहे. सगळ्यांनी साडेचारपर्यंत यावं.