बाळ कुठं ठेवू, बाई?

आमच्या कराड भागात दिवाळी झाली की रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या दिसायला लागतात आणि कारखान्याच्या जवळच्या माळावर आठवड्याभरात कोप्यांची वस्ती उभी राहते. कामट्या वाकवून त्यावर चटई नाहीतर ताडपत्री टाकलेली, आत तीन दगडांची चूल, दारात बैल. ऊस तोडायला आलेली ही माणसं बहुतेक बीडकडची, शिरूर कासार, पाटोदा, धारूर, थोडी पाथर्डीची. मी वीस वर्षं याच रस्त्यानं ऑफिसला जातेय पण त्या माळावर पहिल्यांदा पाय ठेवला तीन वर्षांपूर्वी. आम्ही सहा जणी होतो आणि ठरवलं होतं की इथल्या पोरांना शिकवायचं.

पहिल्या वर्षी आम्ही वेळ ठेवली संध्याकाळी पाच ते सहा, कारण ऑफिस सुटल्यावर आम्हाला तीच जमत होती. आठ-दहा मुलगे यायचे, दमलेले, अर्धे पेंगायचे. मुली जवळजवळ नाहीतच. मला वाटायचं घरचे पाठवत नाहीत, पोरीला कशाला शिकवायचं असं काहीतरी असणार, आणि हे मी दोन-तीन जणींना बोलूनही दाखवलं, त्याचं आज फार वाईट वाटतं. कारण खरं काय होतं ते डिसेंबरात एका नऊ वर्षांच्या पोरीनं सांगितलं. कडेवर तिचा भाऊ होता, वर्षाचासुद्धा नसेल, नाक वाहतंय, हातात उसाचं कांडं. मी म्हटलं अगं ये ना बसायला, तर म्हणाली, "बाळ कुठं ठेवू, बाई?"

एवढंच होतं. आई-बाप पहाटे चारला उठून पाचच्या आत फडात, म्हणजे तोडणीच्या उसात जातात, तेव्हापासून दुपारपर्यंत बाळ हिच्याकडं, मग आई वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा घेऊन येते, ती वाढी गावात विकायची, पाणी आणायचं, पीठ मळायचं, म्हणजे आमची पाचची वेळ नेमकी तिच्या कामाची. आणि आईला घरी थांब म्हणायची सोय नाही, कारण नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' मोजतात, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते त्या जोडीवर, हंगाम सुरू व्हायच्या आधीच, आणि ती पैशात नाही, तोडलेल्या उसाच्या टनात फेडायची असते. एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे दंड. ताप असो, पोट दुखो, बाई फडात जातेच. मग घर चालवणारं माणूस कोण उरलं, तर ही नऊ वर्षांची.

दुसऱ्या वर्षी आम्ही सगळं बदललं. वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ, आणि नियम असा की धाकटं भावंड सोबत आणायचंच. गावातल्या एक रिटायर झालेल्या अंगणवाडी सेविका तयार झाल्या, त्यांना आम्ही सगळ्या मावशी म्हणतो. त्यांनी शेडच्या आढ्याला जुन्या नऊवारीच्या दोन झोळ्या बांधल्या, खाली सतरंजी, आणि रोज पातळ मुगाची खिचडी. पहिल्या आठवड्यात सतरा मुली आल्या. सतरा! मी मोजून रडले होते. आम्ही शिकवायची पद्धत वगैरे काही बदलली नव्हती, फक्त दोन झोळ्या बांधल्या होत्या.

शिकवायचं काय हेही तिथंच कळलं. पुस्तकातले सफरचंदाचे हिशोब कोणाला पटेनात. एके दिवशी ती बाळ कडेवर घेणारी पोरगी प्लॅस्टिकच्या पिशवीत बापाच्या काटा पावत्या, म्हणजे उसाच्या वजनाच्या पावत्या घेऊन आली, म्हणाली बाई हे वाचा. भरलेल्या गाडीचं वजन ३.४१० टन, रिकाम्या गाडीचं ०.८९५, खाली निव्वळ वजन. हातच्याची वजाबाकी ती महिनाभर चुकत होती, ती तिनं त्या पावतीवर मातीत काडीनं मांडली, तीनदा पुसली आणि चौथ्यांदा २.५१५ आलं, पावतीशी जुळलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. त्यानंतर तिचा बाप रोज रात्री काट्यावरून आला की पावती तिच्या हातात द्यायचा आणि ती वहीत लिहून ठेवायची, मार्चमध्ये मुकादमाशी हिशोब करायला तो ती वही घेऊन गेला. आई मला म्हणाली, "ताई, आमच्या सात पिढ्यात टन कोणी लिवला न्हाई."

आता शाळेचं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा स्पष्ट सांगतो की मूल जिथं आहे तिथल्या शाळेत वयाप्रमाणे त्याला घ्यायचं, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. गावाकडच्या शाळेनं निघताना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, ते दाखवलं की काम सोपं होतं. प्रत्यक्षात कार्ड फार थोड्यांकडं असतं. एका शाळेत आम्हाला तीन चकरा मारायला लावल्या, पोरं मार्चमध्ये जाणारच आहेत तर पट कशाला वाढवायचा असं तोंडावर सांगितलं. तिसऱ्या वेळी कायद्याची झेरॉक्स घेऊन गेलो तेव्हा घेतलं. अकरा पोरं गेली, त्यांना खिचडीही मिळायला लागली. पण मुली त्यात फक्त चार, कारण शाळेत बाळ नेता येत नाही. पुन्हा तेच.

मराठवाड्यात हंगामी वसतिगृहं असतात, पोरांना गावातच आजी-आजोबांकडं ठेवून जेवण शाळेमार्फत. चांगली योजना आहे, जिथं वेळेवर सुरू होते तिथं पोरं मागे राहतात. पण ज्या घरात तान्हं बाळ आहे तिथली थोरली पोर मागे राहत नाही हो, तिला न्यावंच लागतं. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती व्हायलाच हवी होती, पण तळावर बाळ सांभाळणारं माणूस हवं ही मागणी मी कुठं ठळकपणे ऐकली नाही.

संक्रांतीला खूप लोक येतात तळावर. कपडे, बिस्किटं, चादरी वाटतात, मनापासून वाटतात आणि थंडीत चादर लागतेच. मी त्यांना एवढंच विचारते, आठवड्यातली एक सकाळ देता का? रोज तीच वेळ आणि ठरल्या वारी तीच माणसं दिसली तर आई विश्वासानं बाळ सोडते, नाहीतर का सोडेल? आमच्यातली एखादी न सांगता दांडी मारायची तेव्हा दुसऱ्या दिवशी निम्म्या मुली कमी व्हायच्या.

मार्चच्या शेवटी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि दोन दिवसांत माळ रिकामा झाला, चुलीचे दगड तेवढे राहिले. जूनमध्ये मी फोन केला तर ती पावत्यांवाली पोरगी गावच्या शाळेत पाचवीत बसली होती, भाऊ आता चालतो म्हणाली. यंदा तिची टोळी इकडं येणार की दुसरीकडं ते मुकादमानं कुठल्या कारखान्याशी करार केला त्यावर आहे. मावशींनी परवा शेडमध्ये जाऊन पाहिलं, झोळ्यांची दोरी उंदरांनी कुरतडलीय, या रविवारी नवीन आणायचीय, आणि झोळ्या यंदा चार बांधायच्यात.