जुन्या जीपचे हेडलाईट

आमच्या जुन्या जीपचा उजेड म्हणजे नुसता पिवळट, रात्री कसारा घाटात रस्त्याची कड पण दिसेना. जो तो म्हणे एलईडी ठोक, पण तो जुन्या रिफ्लेक्टरमध्ये उजेड कुठेही फेकतो आणि समोरचा शिव्या घालतो (नाशिकच्या द्वारका चौकात रोज बघतोच की). खरा घोळ वायरिंगचा, जुन्या स्विचमधून जाता जाता व्होल्टेज पडतं, म्हणून बॅटरीवरून फ्यूज टाकून जाड वायर ओढली, अपर-डिपरला वेगळे रिले (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट बल्बला देणारे) लावले आणि बल्ब साधे एच४ ६०/५५ वॉटचेच ठेवले. फरक जबरदस्त! मग टायरची हवा बघून सपाट जागी भिंतीसमोर गाडी लावायची, डिपरच्या उजेडाची वरची कड हेडलाईटच्या मध्यापेक्षा थोडी खाली येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. आणि हो, रिले पाणी लागणार नाही अशा जागी बसवा, इगतपुरीचा पाऊस माहितीये ना.