राज्यशास्त्राला कसली आलीय तयारी?

"मॅडम, त्याने अकरावीला राज्यशास्त्र घेतलंय. कॉलेज सुरू व्हायच्या आधी काय वाचून घेऊ?" प्रवेशाची पहिली यादी लागली की हा प्रश्न येतो. नातेवाइकांकडून, सोसायटीतल्या शेजाऱ्यांकडून, ओळखीच्या ओळखीतून. आणि लगेच आवाज थोडा खाली आणून पुढचा: "तसं काही कठीण नसतं ना?"

आजवर मी "पेपर वाचायला सांगा" म्हणून सुटका करून घेत आले, कारण जिन्यात उभं राहून याहून जास्त सांगता येत नाही. पण तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

सायन्सला जाणाऱ्या मुलांचे क्लास दहावीचा शेवटचा पेपर संपताच सुरू होतात, आणि त्यावर कुणी "त्यात काय तयारी करायची?" असं विचारत नाही. आमच्या विषयाबद्दल मात्र समज असा की तो सगळ्यांना येतोच. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेला माणूससुद्धा ठाण्यापासून दादरपर्यंत राजकारणावर बोलू शकतो, मग मुलाला काय अवघड? या समजात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मुंबईत वाढलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला सत्ता दिसलेली असते. चाळीत पाण्याची जोडणी कुणाच्या शब्दावर आली, कोपऱ्यावरच्या बाकड्यावर कुणाचं नाव रंगवलंय, दाखल्यावर सही हवी असेल तर कुणाच्या कार्यालयात आधी बसावं लागतं, हे त्याला तुमच्यामाझ्याइतकंच ठाऊक असतं. फक्त हे कुठल्या नियमाने चालतं आणि नियम तसाच का केला, हे त्याने कधी विचारलेलं नसतं. आमचा विषय तिथून सुरू होतो.

म्हणून पहिलं काम मी सांगते ते पुस्तकाचं नाही. घरापासून कॉलेजपर्यंतचा रस्ता लिहून काढायला सांगा, आणि प्रत्येक टप्प्यावर तिथे मालकी कुणाची ते. फुटपाथ महापालिकेचा. बेस्टची बस महापालिकेच्या उपक्रमाची. लोकल केंद्र सरकारची. मेट्रो तीन असेल तर केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीतल्या कंपनीची. सिग्नलवरचा हवालदार राज्याच्या गृहखात्याचा. मग पुढचा प्रश्न: खड्ड्यासाठी जाब कुणाला विचारायचा? मुलं पटकन म्हणतात, महापौरांना. तेव्हा त्यांना सांगायचं की 1888 च्या महापालिका कायद्याने मुंबईत अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. तुम्ही मत देता नगरसेवकाला, तो महापौर निवडतो, आणि रस्त्याच्या कामाचा अंमल करणारा अधिकारी नेमलेला असतो तिसऱ्यांनीच. एवढं कळलेलं मूल माझ्या वर्गात आलं तर निम्मं काम झालेलं असतं.

दुसरं, कलमं पाठ करून पाठवू नका. कळकळीने सांगते. 21 म्हणजे काय, 356 म्हणजे काय, हे घडाघडा म्हणणारी मुलं येतात आणि ऑक्टोबरपर्यंत कंटाळतात. कलम एकच वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. 243-यू घ्या. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेलं हे कलम सांगतं की महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, प्रशासक बसला, आणि तीन वर्षं उलटली तरी निवडणूक नव्हती. आता मुलाला विचारा: संविधानात असं स्वच्छ लिहिलेलं असताना हे घडू कसं शकतं? प्रभागरचना, इतर मागासवर्गीयांचं आरक्षण, न्यायालयातली प्रकरणं, प्रत्येक बाजूला काहीतरी म्हणणं आहे. ते सगळं म्हणणं त्याला मांडता आलं पाहिजे, न पटणारंसुद्धा.

आणि इथेच माझी गाडी दर वेळी अडते. न पटणारं म्हणणं.

आमच्याकडे मी पहिल्या सत्रात एक उपक्रम घेते. चिठ्ठ्या टाकायच्या, जी बाजू येईल ती मांडायची, स्वतःचं मत काही असो. त्या वर्षी विषय होता पक्षांतरबंदीचा. राज्यात तेव्हा आमदारांचं काय चाललं होतं ते तुम्हाला आठवतच असेल, मुलं दुसरं काही बोलतच नव्हती. एका मुलाला चिठ्ठी आली: 'पक्षादेश मोडणाऱ्या आमदाराचं पद जाऊ नये.' त्याचे वडील एका पक्षाचे जुने कार्यकर्ते. नाव घेत नाही, कुठल्या बाजूचे तेही सांगत नाही. घरात त्या दिवसांत फुटीर हा शब्द शिवीसारखा वापरला जात होता, एवढं पुरे.

मुलगा हुशार होता. वस्तीतल्या अभ्यासिकेत बसून त्याने तयारी केली. वर्गासमोर उभा राहिला आणि बोलला तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. 1950 च्या संविधानात पक्षांतराबद्दल अवाक्षर नव्हतं, पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली 1985 मध्ये, 52 व्या दुरुस्तीने, इथून त्याने सुरुवात केली. 1967 नंतरचा आयाराम-गयारामांचा काळ त्याने नाकारला नाही. पण तो म्हणाला, पैसे घेऊन पक्ष बदलणारा आणि एखाद्या विधेयकावर मनापासून विरोधात मत देणारा, या दोघांना हा कायदा एकाच दोरीने बांधतो. ब्रिटनमध्ये पक्षादेश मोडणाऱ्या खासदाराला पक्ष बाहेर काढू शकतो, त्याची जागा काढून घेऊ शकत नाही. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला असलेलं संरक्षण गेलं, दोन तृतीयांश आमदारांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीन व्हायची वाट मात्र उरली. म्हणजे एकट्याने सदसद्विवेक वापरला तर शिक्षा, घोळक्याने वापरला तर वाट मोकळी. शेवटी त्याने विचारलं, माझ्या मतदारसंघाने आमदार निवडला की पक्षाचा हात वर करणारा माणूस?

मी त्याला दहापैकी नऊ दिले. आजही तेवढेच देईन.

वर्गातल्या कुणीतरी मोबाइलवर त्याचा शेवटचा तुकडा टिपला होता. सुरुवातीचं 'मला दिलेली बाजू' हे वाक्य त्यात नव्हतं. रात्रीपर्यंत तो वस्तीतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होता. दुसऱ्या दिवशी वडील स्टाफरूममध्ये आले, बरोबर आणखी दोघं. मी आरडाओरड्याची तयारी ठेवली होती. ती झाली नाही. ते खुर्चीवर बसलेही नाहीत. म्हणाले, "मॅडम, पोरगं जन्मायच्या आधीपासून पक्षाचं काम करतोय. बॅनर लावलेत, लाठ्या खाल्ल्यात. काल सगळ्यांसमोर मला विचारलं, घरातच गद्दार पाळलाय का म्हणून. मी काय सांगू, चिठ्ठी निघाली होती?"

मी सांगायचा प्रयत्न केला. संपूर्ण भाषणाचा कागद दाखवला. ते म्हणाले, "मला समजतंय तुम्ही काय करताय. पण तुमच्या वर्गातलं वर्गात राहत नाही. तिथे राहतो आम्ही." मुलगा दाराशी उभा होता. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. आठवड्याभरात त्याचा दाखला काढून नेला. कॉमर्सला गेला, असं पुढे कानावर आलं.

या प्रसंगावरून मला खूप लोकांनी खूप शिकवलं. प्राचार्य म्हणाले, वादाचे विषय टाळा, मृत्युदंड घ्या, विधिमंडळाला सभागृह एक असावं की दोन, ते घ्या. एक सहकारी म्हणाल्या, कोवळ्या वयात ओढाताण कशाला? त्यांना माझं उत्तर असतं की हेच मूल दोन वर्षांत मतदार होणार आहे. मतदानाचं वय 21 वरून 18 वर आणताना आपण मान्य केलं ना, की या वयाला विचार करता येतो? मग विचार करायची सवय त्याला द्यायची कधी, मतदान केंद्राच्या रांगेत?

पण हे उत्तर देताना मला ते "तिथे राहतो आम्ही" ऐकू येतं. मी नोकरीला लागले तेव्हा ठामपणे म्हणायचे की वर्ग ही एकच जागा आहे जिथे माणूस आपल्या घरापासून, जातीपासून, पक्षापासून पाऊलभर बाजूला उभा राहू शकतो. त्या वेळच्या मला मी आता विचारते: बाजूला उभं राहणं कुणाला परवडतं? माझ्या वडिलांची बँकेत नोकरी होती. मी कुठल्याही बाजूने बोलले तरी आमच्या घरचा नळ बंद होणार नव्हता. त्यावर ती तरुण मी उलट विचारते, म्हणजे ज्यांच्या घराला राजकारणाची झळ बसते त्यांनीच ते शिकू नये, आणि आम्ही सुरक्षित लोकांनी शिकावं? तिच्या या प्रश्नापुढे मला बोलता येत नाही. आणि माझ्या प्रश्नापुढे तिलाही.

मोबाइल आता मी वर्गाबाहेर ठेवायला लावते. चिठ्ठ्या मात्र अजून टाकते. बाजू निवडू दिली तर सगळे आपापल्या घरची बाजू निवडतात, हे एका वर्षी करून पाहिलंय.

तर सुट्टीत काय करायचं? संविधान सभेतली चर्चा वाचा, ती कुणालाही फुकट वाचता येते. 25 नोव्हेंबर 1949 चं डॉ. आंबेडकरांचं भाषण सगळे सुचवतात, मीही सुचवते. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक आयुष्यात विषमता, या विसंगतीत आपण 26 जानेवारी 1950 ला पाऊल टाकतोय, असं त्यांनी बजावलं ते त्याच भाषणात. पण त्याच महिन्यातलं, सभेचेच सदस्य असलेल्या के. हनुमंतय्यांचंही वाचा. आम्हाला वीणेचं किंवा सतारीचं संगीत हवं होतं, हाती आलं ते इंग्रजी बँडचं, अशी त्यांची तक्रार होती. ज्या संविधानाची आपण शपथ घेतो त्याच्यावर सभेत उभं राहून टीका झाली आणि ती नोंदवून ठेवली गेली, हे मुलांना कळू द्या.

निवडणुकीचे आकडे घेऊन बसा. 2014 च्या लोकसभेत भाजपला 31 टक्के मतं आणि 282 जागा. बहुजन समाज पक्षाला चार टक्क्यांहून जास्त मतं आणि एकही जागा नाही. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं त्याचीच जागा, ही आपली पद्धत; मुलाला आधी तिच्या बाजूने बोलायला लावा, मग विरोधात, आणि दोन्ही वेळा तुम्ही मध्ये बोलू नका. घरात जो पक्ष चालत असेल त्याच्यापासून सुरुवात केलीत तर उत्तम. करवणार नसेल तर दुसरा घ्या, मला समजतं.

एका आईने परवा विचारलं, "आमचे हे प्रचाराला जातात. आमच्या मुलीने हा विषय घ्यावा का?" मी म्हटलं, घ्यावा. मग म्हटलं, आधी यांच्याशी बोलून घ्या. दोन्ही मनापासून म्हटलं. त्यांना एक उत्तर हवं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.