भात खातो, तरी गहू सुटत नाही

लोहाच्या गोळ्या चार महिने घेऊनही हिमोग्लोबिन हलेना, तेव्हा टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी लिहून मिळाली. सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लूटेनमुळे (गहू-बार्लीतलं प्रथिन) लहान आतड्याचं अस्तर बिघडण्याचा आजार, आहे का हे ती रक्तातल्या अँटीबॉडींवरून सांगते. सोबत रक्तातल्या आयजीए अँटीबॉडीची एकूण पातळीही तपासून घ्यावी. ती मुळातच कमी असेल तर सिलिअ‍ॅक असूनही टीटीजी निगेटिव्ह येते.

माझं चुकलं ते आधीच. पोट हलकं वाटतं म्हणून मी पोदेराला (घरोघरी पाव देणाऱ्याला) 'नको' सांगून मोकळा झालो होतो. गहू सुटला की अँटीबॉडी उतरतात, आतड्याचं अस्तर भरू लागतं आणि तपासणी फसते. मग पुन्हा गहू खाणं आलं: रोज साधारण 3 ग्रॅम ग्लूटेन, म्हणजे दोन पाव पुरेत, किमान दोन आठवडे; सोसवलं तर सहा ते आठ. पोट फुगतं, जुलाब होतात, पण इलाज नाही. एंडोस्कोपीला उपाशीपोटी जायचं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून एक-दोन आणि त्यापुढून किमान चार तुकडे घेतात, कारण बिघाड सलग नसतो, ठिगळाठिगळांनी असतो.

निदानानंतर सगळे म्हणाले, 'गोंयकाराला काय, शीत-हुमण!' (भात आणि माशांची आमटी). पाव आणि उंडे, काकणं हे गोव्याचे पावाचे प्रकार सोडणं खरंच सोपं. पोई (कोंडा लावलेला पाव) मात्र कोंड्यामुळे पथ्याची वाटते. तोही गव्हाचाच कोंडा. खरी गोची तळलेल्या इसवणात (सुरमईत) आहे. वरचा रवा गव्हाचा. 'माझ्यापुरता तांदळाच्या पिठात तळा' म्हटलं, तरी तेल तेच असतं आणि तळाशी काळा पडलेला रवा चिकटून येतो. वेगळा तवा, ताजं तेल, तांदळाचं पीठ किंवा इडली रवा, एवढं स्पष्ट सांगावं लागतं. बांगडा नुसता भाजून मागवणं त्याहून बरं, तेही स्वच्छ तव्यावर.

दुसरा चोर हिंग. बाजारातल्या बहुतेक डब्यांत मैदा मिसळलेला असतो. तांदळाच्या पिठातला हिंग शोधावा, नाहीतर फोडणीत लसूण. तिसरी गिरणी: गव्हामागून दळलेल्या तांदळात गहू उतरतोच. मी तांदूळ धुऊन, वाळवून मिक्सरला लावतो. नाचणीचंही तेच. बेबिंक या थरांच्या गोड पदार्थात मैदा, बिअरमध्ये बार्ली. दोदोल ही मिठाई तांदळाची, फेणी काजूची किंवा माडाची, तिथे गव्हाचा प्रश्न नाही. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायला आपल्याकडे किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. नुसतं 'गहू नाही' लिहिलेलं मी उचलत नाही, त्यात बार्ली असू शकते.

सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा, पुढे वर्षाला एकदा. आकडा उतरायला वर्षभरही लागतं. उतरतच नसेल तर आधी स्वयंपाकघर तपासावं. लोह, बी-12, ड जीवनसत्त्व पाहावं, हाडांची घनता मोजावी. आईवडील, भावंडं, मुलं यांची टीटीजीही करून घ्यावी, त्रास नसला तरी.

चवथीला (गणेश चतुर्थीला) उकडीचे मोदक चालतात, मैद्याच्या नेवऱ्या (करंज्या) नाहीत. आमच्याकडे आता मोदक आधी वळून, झाकून ठेवतात; मैद्याचं पातेलं त्यानंतरच खाली येतं.