तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन मोजतं, मग आकडे का जुळत नाहीत?

"मोजणारं मशीनच ना? मग तुमचा आकडा एक आणि दुसऱ्या लॅबचा भलताच, असं कसं?" कार्डवर वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून पॉम्पे या आनुवंशिक आजारासाठी अल्फा-ग्लुकोसिडेज (त्यात कमी पडणारं एन्झाइम) तपासलं की डॉक्टर आणि नातेवाईक दोघंही हेच विचारतात.

मशीन एन्झाइम मोजत नाही, उजेड मोजतं. एन्झाइमने सबस्ट्रेट (ते ज्यावर काम करतं तो पदार्थ) तोडलं की ४-मिथाइलअंबेलिफेरोन हे चमकणारं रसायन सुटतं. ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश पडला की ते ४५०च्या आसपास चमकतं. पण अभिक्रिया चालते पीएच ३.८ला आणि तिथे ते जेमतेमच चमकतं. म्हणून शेवटी पीएच १०च्या वरचं स्टॉप बफर, म्हणजे अभिक्रिया थांबवणारं द्रावण. ते प्लेटच्या वेलमध्ये (खळग्यात) नीट मिसळलं नाही की रीडिंग पडलंच. शिवाय पांढऱ्या पेशींतलं दुसरं एक एन्झाइमही हेच सबस्ट्रेट तोडतं. अकार्बोज हे रसायन घालून ते दाबलं नाही, तर आजार झाकला जातो.

खरा घोळ ब्लँकमध्ये होतो, म्हणजे एन्झाइमच्या कामाशिवायही दिसणाऱ्या, नमुन्यातून वजा करायच्या रीडिंगमध्ये. ३७ अंशांवर रात्रभर ठेवलेलं सबस्ट्रेट स्वतःहूनही थोडं तुटतं. म्हणून ठिपक्याचा अर्क आणि सबस्ट्रेट वेगवेगळे उबवायचे आणि स्टॉप बफर घातल्यावरच एकत्र करायचे. नुसत्या बफरचा ब्लँक चालत नाही, कारण कार्डमधून कापलेल्या ३.२ मिलिमीटरच्या चकतीतलं (पंच) हिमोग्लोबिन जाणारा प्रकाशही खातं आणि येणाराही. समजा, नमुन्याचं रीडिंग ५२०. ब्लँक ४०० धरला तर उरले १२०. ४६० धरला तर ६०. निरोगी बाळाचं रीडिंग कित्येक हजारांत असेल, तर हा ६०चा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. आजारी बाळाच्या रिपोर्टात मात्र आकडा थेट निम्मा होतो! स्टँडर्ड (तुलनेसाठीचं माहीत प्रमाणाचं द्रावण) रक्ताच्या अर्कात बनवलं की साध्या बफरमध्ये, यानेही आकडा हलतो. दोन लॅब इथेच वेगळ्या पडतात, आणि दोघींपैकी कुणीही हलगर्जीपणा केलेला नसतो.

पुन्हा रक्त मागतो, तेव्हा आम्ही चालढकल करतो असं वाटतं. तसं नाही. त्याच कार्डवरचं दुसरं एन्झाइमही कमी आलं, तर संशय बाळावर नाही, उष्णतेत किंवा दमटपणात राहिलेल्या कार्डवर घ्यावा लागतो.

मग आकडा छापायचाच कशाला, नुसतं "कमी" लिहावं, असं माझंच एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, किती कमी हे डॉक्टरांना कळायलाच हवं. सध्या आकडा, आमची रेंज आणि दुसऱ्या एन्झाइमचं रीडिंग, तिन्ही देतो. आजार नसतानाही ही ॲक्टिव्हिटी कमी येऊ शकते, म्हणून जनुक तपासणीही सुचवतो. तरी रेंजच्या अगदी कडेला आलेल्या बाळाच्या आईवडिलांना तो निकाल येईपर्यंत काय सांगावं, हे मला अजून सुटलेलं नाही.