पाच मिनिटं पुढे

दुपारी हॉलमधल्या घड्याळाचा सेल बदलायला भाचा स्टुलावर चढला आणि मोबाईलमध्ये बघून सेकंदाला सेकंद जुळवत बसला, तशी आई आतून ओरडली, "अरे, पाच मिनिटं पुढे ठेव!" तो म्हणे, पुढे आहे हे सगळ्यांना माहितीये, मग उपयोग काय? आता याला काय सांगायचं. ठाण्यात लोकल पकडणाऱ्याच्या घरातलं घड्याळ पुढेच असतं.

नौपाड्याच्या घरी चावीचं घड्याळ होतं. रात्री जेवणं झाली की बाबा त्याचं काचेचं दार उघडायचे, कर्र कर्र चावी द्यायचे आणि मागे पडलेला मोठा काटा बोटाने पुढे ढकलायचे, आम्ही पोरांनी हात लावला तर फटका. एकदा आजोबा गावाहून आले, त्यांना असलं खोटं घड्याळ खपेना, त्यांनी रेडिओच्या बातम्यांवर ते बरोबर लावलं आणि कोणाला सांगितलंच नाही. सकाळी बाबांची नऊ सात चुकली. पुढच्या गाडीत भलताच ग्रुप, पत्तेवाला, त्यातल्या एकाने सिडकोच्या फॉर्मचा विषय काढला, बाबांनी फॉर्म भरला, घर लागलं, आणि आम्ही वाशीला गेलो. माझी शाळा, मित्र, पुढे बायकोसुद्धा सगळं खाडीपलीकडचं, ते आजोबांमुळे! निदान बाबा तरी असंच सांगतात. आई म्हणते, फॉर्म मामाने आधीच आणून ठेवला होता.

आजोबांनी मिनिटं छाटली, अमेरिकेतल्या एमआयटीतला हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ याने आकडे. 1961 साली तो कॉम्प्युटरवर हवामानाचं गणित परत चालवत होता. मशीन पोटात सहा आकडे धरायचं, कागदावर तीनच छापायचं, त्यामुळे 0.506127 च्या जागी 0.506 टाकून हा कॉफीला गेला. येऊन बघतो तर गणितातलं हवामान आधी जुळतंय जुळतंय आणि पुढच्या एक-दोन महिन्यांत पार भलतीकडे. त्याला वाटलं, मशीनच बिघडलं, पण घोळ छाटलेल्या आकड्यांचाच होता. एवढ्याशा फरकाने पुढे सगळंच बदलतं, फुलपाखराच्या फडफडीनेही कुठे वादळ येऊ शकतं, यालाच लोक बटरफ्लाय इफेक्ट म्हणतात. त्यातलं फुलपाखरू आलं ते लॉरेन्झच्या 1972 च्या भाषणाच्या शीर्षकात, तेही सेशन लावणाऱ्याने परस्पर दिलेलं. त्याआधी उदाहरण सीगलचं, म्हणजे समुद्रपक्ष्याचं, असायचं. सीगलच राहिला असता तर टीशर्टवर कोणी छापला असता?

पण फुलपाखरामुळे वादळ झालं असं कोणी ठोकून दिलं की माझं डोकं फिरतं. लॉरेन्झ त्याच भाषणात म्हणाला होता की एक फडफड वादळ आणू शकत असेल तर तितकंच टाळूही शकते. आणि कुठली फडफड, ते कळायला मार्ग नाही. आपल्याला मात्र मागाहून आपापलं फुलपाखरू बरोब्बर सापडतं, बाबांना सापडलं तसं.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम सत्तर-पंचाहत्तर, म्हणजे ऑफिस फोर्टात असलेल्यांना पुढे काय वाढून ठेवलंय याचा पत्ताच नाही. आमच्या बिल्डिंगमधले एक काका त्या दिवशी निघता निघता चहाला थांबले, गाडी गेली, मग रात्र त्यांनी ऑफिसातच काढली. त्यांच्याबरोबरचा, चहा नको म्हणून पुढे निघालेला माणूस घरी पोचलाच नाही. हे मला काकूंकडून कळलं, काका स्वतः कधी बोलत नाहीत. त्यांच्यासमोर फुलपाखराचं नाव काढायची माझी तरी छाती नाही.