लाडू फुटला का?

वाडेगाव म्हणजे लिंबांचं गाव. तिथं दिंडीला सरबत पाजताना कोणी हात आखडता घेत नाही. मी तीन गिलास प्यालो आणि पातूरच्या रस्त्याला लागेपर्यंत पोट डचमळायला लागलं. मृग लागून चौथा दिवस होता, तरी ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.

आमची दिंडी लहान. चाळीस-पंचेचाळीस माणसं, दोन पखवाज, सामानाचा एक टेम्पो. बहुतेक सगळे बाळापूर तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. मी अकोल्यात नोकरी करणारा, रिसोडपर्यंतच चालणार होतो. वीणेकरी आबा मला ‘अर्धा वारकरी’ म्हणायचे. येण्याचं खरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, थोरल्या भावाशी वाजलं होतं आणि त्याला पाठवायचा लांबलचक मेसेज मोबाइलमध्ये लिहून तयार होता.

दुपारी तीनच्या सुमारास आभाळ भरून आलं. पखवाजाला प्लास्टिक गुंडाळेपर्यंत शाई भिजली, असा कोसळला. बायांनी तुळशी डोक्यावर ठेवूनच फेर धरला. अर्ध्या तासानं उघडलं आणि माझं शहाणपण जागं झालं. रस्ता वळसा घेतो, शेतांमधल्या पांधणीच्या वाटेनं गेलो तर दोन किलोमीटर वाचतील. दोन पोट्टे माझ्या मागं आले.

पन्नास पावलंही झाली नसतील. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ती काळी जमीन पाणी पिऊन फुगली होती आणि पाय सोडत नव्हती. प्रत्येक पावलाला चपलेखाली नवा थर. शेवटी उजव्या चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी परत आलो, तर आबा रस्त्यावर पऱ्हाटीची काडी घेऊन उभे. पायाचा चिखल खरवडायला.

“काहून बापू, लय घाई होती?”

“जवळ पडंल वाटलं, आबा.”

“वाफसा आल्याबिगर बैलही वावरात घालत नायी आमी. तू तर शिकेल माणूस.”

पाऊस पडला म्हणजे पेरायचं, असं नसतं. जास्तीचं पाणी खाली मुरलं पाहिजे, ओल राहिली पाहिजे आणि मातीत हवाही खेळली पाहिजे. तो वाफसा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विद्यापीठ सांगतं. पण पहिल्याच सरीला शेजाऱ्याची तिफन निघाली की हात थांबत नाहीत. मग पंधरा दिवसांची उघडीप, जळालेलं कोवळं कोंब आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाण्याची उधारी. आबांनी हे दोनदा भोगलं होतं. पातूरच्या मुक्कामी हरिपाठानंतर विठ्ठलाचं नाव कमी आणि सोयाबीनचं जास्त निघालं, हेही सांगून टाकतो.

पुढं मेडशीकडं चढताना सागाचं रान लागलं. दोन दिवस थेंब नाही. मी मेसेज उघडला, एक ओळ खोडली, पुन्हा बंद केला.

मालेगावला आबांच्या पुतण्याचा फोन आला. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावला.

“सगळ्यायनं पेरलं, आबा. आपुनच मागं रायलो.”

“वावरातच हायेस ना? मूठभर माती घे. दाब. लाडू झाला?”

“झाला.”

“आता सोड खाली.”

पलीकडून बारीकसा धप्प आवाज आला. आम्ही पाच-सहा जण फोनभोवती वाकलो होतो.

“फुटला का?”

“नायी. चपटा झाला नुसता.”

“मंग राहू दे,” आबा म्हणाले. फोन पिशवीत टाकला आणि वीणेची सैल झालेली तार पिळायला बसले.

मी माझा फोन टेम्पोत चार्जिंगला लावला होता. तो आणायला रात्रीपर्यंत गेलो नाही.